सायलेन्सरमधला रुमाल

आधीच सांगून ठेवते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं असेल तर माझी जीभ झडो, उरलेसुरले दात आज दुपारच्या आत पडोत आणि पडलेले परत उगवून ठणकोत. मांजराचं ऐकलं की तुम्ही हसाल. हसा. ते मांजर मी याच दोन डोळ्यांनी बघितलंय, आणि तेव्हा चष्माही नव्हता.

एक बसडेपो होता. डेपोच्या आवारात टायरच्या गोदामावर दोन खोल्या होत्या, आणि त्यात तिघं राहायची. डेपोतला मिस्त्री, त्याची बायको आणि मिस्त्रीचा बाप. बाप म्हणजे जुना ड्रायव्हर. आख्खा जन्म त्यानं याच डेपोच्या गाड्या हाकल्या, आणि गाड्यांनी त्याच्या छातीत जे भरायचं ते भरून ठेवलं. जुन्या गाड्या कशा होत्या सांगू? सकाळी सगळ्या एकदम चालू झाल्या की आवारात असा अंधार व्हायचा की कंडक्टर लोक हातानं चाचपत आपली बस शोधायचे. एक जण तर चुकून दुसऱ्या डेपोच्या गाडीत चढला आणि संध्याकाळपर्यंत तिथंच तिकिटं फाडत बसला. डेपोत एक पांढरं मांजर होतं. ते धुरानं इतकं काळं पडलं होतं की त्याची स्वतःची पिल्लं त्याला बघून फिस्कारायची.

मग नव्या गाड्या आल्या. इंजिन नवं, डिझेलही नवं, त्यातलं गंधक काढून टाकलेलं. आणि बसच्या पोटाखाली एक भलामोठा पोलादी डबा. त्या डब्यात भाजलेल्या मातीसारखी ठिसूळ जाळी, मधाच्या पोळ्यासारखी भोकाभोकांची. इंजिनाचा धूर तिच्यातून गाळला जाऊन बाहेर पडायचा, काजळी आत अडकायची. डबा चांगला तापला की ती काजळी आतल्या आत जळून जायची आणि मागं राहायची चिमूट चिमूट राख. राख साठली की डबा खाली काढायचा, जाळी भट्टीत भाजायची आणि हवेच्या झोतानं फुंकून परत बसवायची. हे भट्टीचं काम मिस्त्रीच्या बायकोच्या वाट्याला आलं. तेव्हापासून आख्खा डेपो तिला भट्टीवाली म्हणायला लागला.

"आमच्या घरात दोन भट्ट्या," ती म्हणायची. "एकीवर डेपो चालतो, दुसरीवर यांचं पोट. डेपोवाली कुरकुर करत नाही."

गाड्या यायच्या आधीच डॉक्टरनं सासऱ्याची छाती तपासून स्पष्ट सांगितलं होतं. "या छातीत आता नवीन धुराला जागा नाही. यांना इथून हलवा, नाहीतर खिडकी कायमची बंद करा. दोन्ही नाही केलं तर पुढचा हिवाळा निघणार नाही." भट्टीवालीची नणंद लांब रानात राहायची. तिनं बापासाठी खोलीही रिकामी करून ठेवली होती. म्हातारा जायला तयार नव्हता. खिडकी बंद करायलाही तयार नव्हता. "खिडकी लावून काय करू, भिंतीशी गप्पा मारू?" म्हणायचा. खिडकीतून त्याला गाड्यांचे टप दिसायचे, गेट दिसायचं, कोण उशिरा आला ते दिसायचं. त्याला जगायला तेवढं पुरायचं.

आणि नेमक्या नव्या गाड्या आल्या.

जुन्या ड्रायव्हर लोकांची एक रीत होती. सकाळी गाडी काढायच्या आधी बोटाला रुमाल गुंडाळायचा, सायलेन्सरच्या तोंडात घालून गर्रकन फिरवायचा आणि बाहेर काढून सगळ्यांना दाखवायचा. ज्याचा रुमाल जास्त काळा, त्याचं इंजिन जास्त ताकदीचं, असं मानायचे आणि मिशीवर ताव द्यायचे. वेडेच होते सगळे. पहिली नवी बस आवारात उभी राहिली तसा म्हातारा अडून बसला, मला खाली न्या. मुलानं आणि सुनेनं खुर्चीसकट उचलून त्याला खाली नेलं. त्यानं धुतलेला रुमाल बोटाला गुंडाळला, चालू गाडी बंद करायला लावली, सायलेन्सरच्या तोंडात फिरवला आणि बाहेर काढला. पांढरा. नाकाशी नेला. वासही नाही. म्हातारा रडला असं तुम्हाला वाटेल. छे, ड्रायव्हर माणूस. त्यानं त्या बसला एक सणसणीत शिवी हासडली, पण इतक्या मायेनं, की शेजारचा कंडक्टर लाजला.

मग लेकीला फोन. "मी येत नाही. इथली हवा आता तुझ्या रानापेक्षा चांगली आहे. तुझ्याकडं निदान बैल तरी पादतो."

तेव्हापासून रोज सकाळी मिस्त्री धुतलेला रुमाल घेऊन खाली जायचा आणि पांढराच घेऊन वर यायचा. म्हातारा तो मांडीवर पसरायचा, पोटभर बघायचा आणि खिडकी सताड उघडायचा. त्याचा दम खरंच सुधारला. पूर्वी एक वाक्य बोलायला तीनदा थांबायचा, आता डेपोच्या साहेबाबद्दल वाईटसाईट एका दमात बोलायला लागला. मांजरानं स्वतःला चाटून चाटून पांढरं केलं, आणि पिल्लांनी, चांगली घोडी झालेली पिल्लं ती, त्याला आई म्हणून परत घरात घेतलं.

असं सगळं छान चाललं होतं. मग भट्टीवर यायचे डबे कमी झाले.

भट्टीवालीला आनंदच झाला. पूर्वी रोज भट्टी पेटवावी लागायची, आता आठवडा आठवडा गार. कुणी विचारलं तर ती ठसक्यात सांगायची, "इंजिनं मुरली आता. राखच धरत नाहीत." यायचा तो एकच डबा, फिरून फिरून तोच, कडेला पोचा आलेला. तिला वाटलं, त्याच गाडीचं इंजिन जरा खादाड असेल. तिचा स्वतःच्या भट्टीवर इतका विश्वास होता की डबे आले नाहीत म्हणजे धूर नाही, एवढाच हिशेब तिनं केला. डबे धरतच नसतील, हा विचार तिच्या डोक्याला शिवलासुद्धा नाही.

मांजर परत राखाडी दिसायला लागलं. "म्हातारं झालं बिचारं," भट्टीवाली म्हणाली. "माणसाचे काळ्याचे पांढरे होतात, मांजराचं उलटं असेल."

म्हातारा परत खोकायला लागला. "हवा बदलतीये," मिस्त्री म्हणाला. आणि असं म्हणताना तो बायकोकडं बघत नसे. भांड्याकडं बघे, चपलेकडं बघे, पण बायकोकडं नाही.

नणंदेचा फोन आला. "वहिनी, मागून बाबांचा खोकला ऐकू येतोय. मी येते न्यायला."

"अगं, रुमाल पांढरा आहे रोज. तूच विचार त्यांना."

म्हाताऱ्यानं फोन हिसकावून घेतला. "रुमाल बघायला यायचं असेल तर ये," म्हणाला, आणि पुढचं खोकला बोलला.

एक दिवस भर दुपारी भट्टीवाली शेडच्या दारात बसून चहा पीत होती. एक बस गेटातून आत वळली, गटाराच्या उंच झाकणावर तिचं पोट घासलं आणि खालचा डबा सुटून पडला. आता, जाळी भरलेला डबा पडला तर धप्प आवाज येतो, पोतं पडल्यासारखा. हा पडला आणि वाजला. रिकाम्या पातेल्यासारखा ठणठण वाजत, गडगडत थेट भट्टीवालीच्या पायापाशी येऊन थांबला.

ड्रायव्हर उडी मारून धावत आला. "राहू द्या वहिनी, मी उचलतो. जड आहे."

भट्टीवालीनं तो एका हातानं उचलला. दुसऱ्या हातात चहा होता, तो सांडलाही नाही.

"जड आहे होय?" ती म्हणाली.

तिनं डब्यात बघितलं. आरपार उजेड. जाळी नाही, जाळीचा तुकडाही नाही, आतली भिंत नुसती काळी कुळकुळीत. डबा मधोमध कापून परत जोडला होता. जोडावरून तिनं बोट फिरवलं. वेल्डिंगचे लहान लहान, एकावर एक चढलेले गोल, माशाच्या खवल्यासारखे. हा हात ती रोज बघत होती. वरच्या खिडकीचे गज याच हातानं जोडलेले होते.

"तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे," ती ड्रायव्हरला म्हणाली.

"आम्ही फक्त चालवतो, वहिनी," ड्रायव्हर म्हणाला, आणि टोपी नीट करत निघून गेला. टोपी नीटच होती.

मिस्त्री दुरुस्तीच्या खड्ड्यात होता, एका बसच्या पोटाखाली. भट्टीवालीनं डबा खड्ड्याच्या काठावर ठेवला आणि पायानं हळूच ढकलला. तो वाजत खाली गेला.

"अहो, हे तुमचं पडलं."

मिस्त्रीनं डबा फिरवून जोड खाली केला.

"ही एकच गाडी ना?" तिनं विचारलं.

"मी वर येतो. घरी बोलू."

"इथंच बोला. ही एकच का?"

"नाही."

"मग किती?"

"एक सोडून सगळ्या."

"कुठली सोडून?"

मिस्त्री पाना हातात फिरवत राहिला. शेवटी तो म्हणाला, "रुमालाची."

मग खड्ड्यातूनच त्यानं सगळं सांगितलं, आणि तिनं काठावर उकिडवं बसून ऐकलं. आपल्या गाड्या शहरात रांगतात. दर कोपऱ्यावर थांबा. डबा तापतच नाही, काजळी जळतच नाही. मग समोर दिवा लागतो, की गाडी बाजूला उभी करा, इंजिन वाढवा, काजळी जाळून होईपर्यंत हलू नका. पण गाडी उभी राहिली की साहेब बोंबलतो. म्हणून ड्रायव्हर बटण दाबून ते जाळणं बंद करतात. आज बंद, उद्या बंद, शेवटी डबा तुंबतो आणि बस गोगलगाईसारखी चालते. नवे डबे मागितले, आले नाहीत. साहेबानं त्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, गाडी गेटाबाहेर दिसली पाहिजे, कशी ते मला ऐकायचं नाही.

"म्हणून तुम्ही आतडीच काढली."

"गाडीच्या कॉम्प्युटरला एक तुकडा लावला की त्याला वाटतं, सगळं जागेवर आहे. पहिल्या वेळी हात थरथरला माझा. खरं सांगतो."

"दुसऱ्या वेळी?"

"नाही."

"आणि ती जाळी? परत बसवता येईल?"

"चुरा झालाय. धुण्याच्या हौदामागं पुरलाय."

"तपासणीवाले येतात तेव्हा?"

"तीच गाडी दाखवतो. ती ठेवलीये म्हणून."

भट्टीवाली उठली, परत बसली. "कॉम्प्युटरला फसवलंत, तपासणीवाल्यांना फसवलंत, एकवेळ चालेल. बाबांना रोज सकाळी त्या एका गाडीचा रुमाल? खिडकीखाली उभी असते तिचा नाही, पार मागं भिंतीशी असते तिचा?"

"त्यांना कळलं असतं तर ते तुटले असते गं."

"कळलं असतं तर ते गेले असते. लेकीकडं. जिवंत."

मिस्त्रीनं पाना उचलला आणि डोक्यावरचा नट आवळायला लागला.

ती वर गेली. म्हातारा खिडकीत बसला होता, ओठ जांभळट, मांडीवर सकाळचा रुमाल. तिनं न बोलता खिडकी लावली.

"का गं सूनबाई?"

"वारा आहे."

"असू दे. चांगला वारा आहे." त्यानं हात लांब करून खिडकी परत ढकलली, तेवढ्यानंच त्याला धाप लागली. "तुला काय माहीत, आम्ही कसले दिवस काढलेत. माझ्याबरोबरचे सगळे गेले खोकून खोकून. एकालाही हा रुमाल बघायला मिळाला नाही."

तिनं खिडकी तशीच उघडी ठेवली. खरं सांगणं तिलाही जमलं नाही, हे लपवण्यात काय अर्थ आहे.

संध्याकाळी तिनं नवऱ्यासमोर ताट आपटलं नाही, शांत ठेवलं. त्यानं तो जास्त घाबरला.

"उद्याचा रुमाल खिडकीखालच्या गाडीचा आणायचा," ती म्हणाली.

"तूच सांग ना त्यांना. तुझं ऐकतात."

"रोज कोण दाखवत होतं? मग तुम्हीच दाखवा. नाही आणलात तर मी आणीन, आणि तुमचा जोड पण दाखवीन त्यांना. तुमचा हात त्यांना ओळखू येतो."

सकाळी मिस्त्री खाली गेला. रोज पटकन यायचा, त्या दिवशी जिना चढायला त्याला बापापेक्षा जास्त वेळ लागला. म्हाताऱ्यानं सवयीनं हात पुढं केला, रुमाल मांडीवर पसरला आणि थांबला. रुमाल काळा होता. कडेला नुसती चार बोटं पांढरी राहिली होती, जिथं मिस्त्रीनं धरला होता.

म्हातारा आधी हसायलाच लागला. "कुणाची गं ही? दुसऱ्या डेपोची जुनी गाडी घुसली काय आपल्यात?"

"आपलीच आहे, बाबा," मिस्त्री म्हणाला. "खालची."

"तिचं काही बिघडलंय?"

"सगळ्याच तशा आहेत. मी केल्यात."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

खाली कुणीतरी गाडी चालू केली. खिडकीतून वास आत आला. वास रोजच येत होता, पण त्या दिवशी तो तिघांनाही आला.

"आणि रोजचे रुमाल?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"तपासणीसाठी एक गाडी ठेवलीये चांगली. तिचे."

म्हाताऱ्यानं रुमालाची घडी घातली. चारदा घातली, काळं सगळं आत जाईपर्यंत. ती सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि बोट काळं झालं होतं ते बघत बसला.

"जुन्या गाड्या बऱ्या," तो म्हणाला. "धूर तोंडावर सोडायच्या."

मग सुनेकडं वळून, "पोरीला फोन लाव. ये म्हणावं. आणि ती खिडकी लाव."

नणंद दुसऱ्याच दिवशी जीप घेऊन आली. भावाशी एक शब्द बोलली नाही, आणि वहिनीशी बोलली ते बोलली नसती तर बरं झालं असतं. "तुझ्या नाकासमोर, वहिनी," एवढंच ती म्हणाली. खुर्चीसकट म्हाताऱ्याला खाली आणलं. आवारात ड्रायव्हर ओळीनं उभे होते. त्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं, तरी एकानंही चावी फिरवली नव्हती. साहेब केबिनमधून ओरडत बाहेर आला, त्यानं ते सगळं बघितलं आणि काहीतरी विसरल्यासारखा आत गेला. मांजर जीपच्या चाकापाशी बसलं होतं, पार कोळशासारखं. म्हातारा जीपमध्ये बसला. मिस्त्री दारापाशी मान खाली घालून उभा. म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "येतो."

जीप गेटाबाहेर गेली. मागं सगळ्या गाड्या एकदम चालू झाल्या.

तुम्ही म्हणाल, चला, गेला एकदाचा चांगल्या हवेत. नणंदेच्या घराभोवती नजर पोचेल तिथपर्यंत रान होतं. पाखरांशिवाय आवाज नाही. पण म्हातारा तिथं गेला आणि पहिलं काम काय केलं, तर खिडकी लावून घेतली.

"बाबा, इथं कुठला आलाय धूर? बघा तरी."

"तोही हेच म्हणायचा."

लेकीनं हरप्रकारे सांगून बघितलं. शेजाऱ्यांना आणून सांगायला लावलं. शेवटी तिनं एक रुमाल स्वच्छ धुतला, दिवसभर अंगणातल्या दोरीवर टांगला आणि संध्याकाळी त्याच्यापुढं धरला. "बघा. दिवसभर बाहेर होता. पांढरा आहे."

म्हाताऱ्यानं रुमालाकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. त्यानंतर तिनं परत खिडकीचं नाव काढलं नाही.

बंद खोलीत, एवढ्या चांगल्या हवेच्या मधोमध, तो ऐन थंडीत गेला. डॉक्टरनं सांगितलं होतं तसंच. सदरा बदलताना खिशात काळ्या रुमालाची घडी सापडली. नणंदेनं ती फेकली नाही, धुतलीही नाही. भावाला पाठवून दिली.

डेपो चालू आहे. गाड्या गेटाबाहेर दिसतात. मिस्त्री अजून खड्ड्यात काम करतो, आणि भट्टीवर अजून तो एकच पोचा आलेला डबा येतो. भट्टीवाली तो भाजते, फुंकते, परत देते, आणि नवऱ्याशी जेवणापुरतं बोलते. वरच्या खिडकीच्या गजाला ती रोज सकाळी एक धुतलेला रुमाल बांधते. खाली कुणाला दाखवायला नाही, बोटाला गुंडाळायला नाही, नुसता बांधून ठेवते. दुपारपर्यंत तो करडा होतो, संध्याकाळी सोडते तेव्हा धुवायला दोनदा साबण लागतो. ड्रायव्हर येता-जाता वर बघतात. साहेब गेटातून येतो तेव्हा त्याला जमिनीवर काहीतरी सापडायचं असल्यासारखा मान खाली घालून चालतो.

तर असं आहे सगळं. शब्द न् शब्द खरा. मांजराचंही खरं, त्या कंडक्टरचंही खरं, तिथं बोट दाखवू नका. एकच गोष्ट मी पदरची घातली. जीपमध्ये बसताना म्हाताऱ्यानं मिस्त्रीच्या पाठीवरून हात फिरवला आणि "येतो" म्हणाला, असं मी म्हटलं ना, ते. तसं झालं नाही. मिस्त्री उभा होता, अगदी हाताच्या अंतरावर उभा होता. पण म्हाताऱ्याचा हात खिशावर होता, रुमाल होता त्या खिशावर, आणि जीप गेटाबाहेर जाईपर्यंत तो तिथून हलला नाही.